डायग्राम रंगवताना: थीम, स्टाइल, सावली आणि बाकीची भानगड

फ्लोचार्टमध्ये ४० चौकटी आहेत, त्यांतल्या १२ निळ्या. आता ठरलं की निळा नको, हिरवा हवा. हे काम एका क्लिकमध्ये उरकेल की अर्धा तास खाईल? सॉफ्टवेअर कोणतं आहे यावर ते थोडंफार अवलंबून आहेच, पण खरी गोम आहे ती त्या चौकटी पहिल्यांदा निळ्या कशा केल्या होत्या यात. एकेकीवर जाऊन रंग ओतला असेल, तर पुन्हा १२ वेळा तेच करावं लागणार. ‘बाहेरच्या यंत्रणा दाखवणाऱ्या चौकटी अशा दिसतील’ हे एकाच जागी ठरवून ठेवलं असेल, तर ती एक जागा बदलली की काम झालं.

डायग्रामच्या सॉफ्टवेअरमधली थीम, व्हेरियंट, स्टाइल, क्लास, पॅलेट ही सगळी जंत्री याच प्रश्नाभोवती फिरते: रंग त्या आकाराचा आहे, की त्या आकाराकडे दिलेल्या भूमिकेचा? माझं मत विचाराल तर रंग भूमिकेला द्यावा आणि आकाराने तो तिच्याकडून घ्यावा. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, मेनू अनोळखी वाटत नाहीत.

रंग राहतो कुठे?

पॉवरपॉइंटमध्ये फिलचा, म्हणजे आकारात भरायच्या रंगाचा, मेनू उघडा. वर ‘थीम कलर्स’ असतात (थीम म्हणजे आख्ख्या फाइलसाठी ठरवलेला रंग-रूपाचा संच), खाली त्यांच्या फिकट-गडद छटा, आणि त्याखाली ‘स्टँडर्ड कलर्स’ची १० चौकोनांची एक ओळ. दिसायला दोन्हीकडे रंगच आहेत, त्यामुळे बहुतेक जण जो डोळ्यांत भरेल त्यावर क्लिक करून मोकळे होतात. आत मात्र दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडतात. स्टँडर्डमधला लाल निवडला तर त्या लालची नेमकी किंमत, म्हणजे त्याचा आकड्यांतला कोड, फाइलमध्ये लिहिली जाते आणि ती कायम राहते. थीममधला रंग निवडला तर फक्त ‘ॲक्सेंट २’ अशी नोंद होते. ॲक्सेंट २ म्हणजे आज कोणता रंग, हे थीमला विचारून ठरतं. ऑफिसच्या थीममध्ये अशा १२ जागा असतात: दोन गडद, दोन फिकट, सहा ॲक्सेंट आणि लिंकसाठी दोन.

एका फाइलमधल्या चौकटी कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवल्या की त्यांचा रंग बदलतो, ही तक्रार इथूनच येते. त्यात बिघडलेलं काही नसतं. ॲक्सेंट २ तिथे गेल्यावरही ॲक्सेंट २च राहिला, फक्त त्या जागेवर दुसरा रंग बसलेला होता. मूळ रंगच हवा असेल तर चिकटवताना ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ निवडायचं.

व्हिजिओतही हाच कारभार आहे, फक्त थोडा खोल. तिथे प्रत्येक आकारामागे शेपशीट नावाचा तक्ता असतो आणि रंग, रेघेची जाडी, सावली हे सगळं त्या तक्त्याच्या खणांत सूत्र म्हणून लिहिलेलं असतं. थीम बदलली की सूत्राचं उत्तर बदलतं. पण काही रंग थीमच्या लहरीवर सोडून चालत नाही. ‘बंद पडलेलं’ दाखवणारा लाल हा लालच राहिला पाहिजे. त्यासाठी थीमगार्ड नावाचं फंक्शन आहे. त्यात गुंडाळलेली किंमत थीम बदलली तरी जागची हलत नाही. सगळ्यांना याची गरज पडणार नाही, पण स्वतःचं स्टेन्सिल (तयार आकारांचा संच) बनवून दहा जणांना वाटणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

ड्रॉ डॉट आयओची रीत याच्या अगदी उलट. तिथे प्रत्येक आकार आपली स्टाइल स्वतःजवळच, अर्धविरामांनी तोडलेल्या एका ओळीत बाळगतो: फिलचा रंग अमुक, रेघेचा तमुक, कोपरे गोल, सावली आहे की नाही. आकार निवडून कंट्रोल आणि ई दाबलं की ती ओळ समोर येते आणि हाताने बदलता येते. रचना साधी आहे, पण फटका असा की ‘ही भूमिका’ असं सांगणारी एक मधली जागाच नाही. सुरुवातीला एक चौकट मनासारखी करून ‘सेट ॲज डीफॉल्ट स्टाइल’ केलं तर पुढच्या चौकटी तशाच येतात, मात्र आधी काढून ठेवलेल्या बदलत नाहीत. जुन्यांसाठी एक आडमार्ग आहे आणि मला तो मेनूपेक्षा जास्त आवडतो. ‘एक्स्ट्राज’मध्ये ‘एडिट डायग्राम’ उघडलं की आख्खा डायग्राम मजकुराच्या रूपात दिसतो. तो टेक्स्ट एडिटरमध्ये घ्यायचा, जुन्या रंगाचा कोड शोधून त्याजागी नवा टाकायचा आणि परत आणून चिकटवायचा. ४०० चौकटी असल्या तरी काम क्षणात होतं. एकच अट: त्या कोडचा वापर डायग्रामभर एकाच अर्थाने झालेला हवा. तोच निळा तुम्ही बाहेरच्या यंत्रणांनाही दिला आणि एखाद्या बाणालाही सहज म्हणून लावला, तर बाणही हिरवा होणार.

लिबरऑफिस ड्रॉमध्ये एफ ११ दाबलं की स्टाइल्सची यादी उघडते. तिथे स्टाइलखाली स्टाइल ठेवता येते, म्हणजे मूळ चौकटीचा फॉन्ट बदलला की तिच्यावर बेतलेल्या सगळ्या स्टाइल्सचा बदलतो. इथला नेहमीचा घोळ म्हणजे स्टाइल लावलेल्या चौकटीवर पुन्हा हाताने रंग ओतणं. हाताने दिलेला रंग वरचढ ठरतो, आणि मग स्टाइल बदलूनही ती एक चौकट ढिम्म हलत नाही. ‘क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग’ केलं की ताळ्यावर येते.

मजकूर लिहून डायग्राम काढणाऱ्या साधनांत भूमिका आणि रूप यांची फारकत सगळ्यात स्वच्छ आहे. मर्मेडमध्ये ‘क्लासडेफ’ लिहून एका क्लासचं रूप ठरवायचं आणि मग कोणत्या चौकटी त्या क्लासच्या ते सांगायचं. आख्खी थीम घडवायची असेल तर ‘बेस’ हीच थीम घ्यावी लागते, बाकीच्या तयार थीममध्ये फेरफार करता येत नाही. थीमच्या रंगांसाठी रंगाचं नाव चालत नाही, हेक्स कोडच (रंगाचा आकडे-अक्षरांतला कोड, पुढे येतोच) लागतो. ‘रेड’ लिहून काहीच का होत नाही म्हणून डोकं खाजवणाऱ्यांचं उत्तर इथे आहे. ग्राफव्हिझमध्ये असाच एक प्रसिद्ध चकवा आहे: फिलचा रंग दिला, पण ‘स्टाइल फिल्ड’ असं सांगितलं नाही, तर रंग भरला जातच नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

रंग निवडायचा कसा?

हेक्स कोड म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांची प्रमाणं. प्रत्येकाला दोन अंक. ० ते ९ संपले की पुढे ए ते एफ ही अक्षरं येतात, त्यामुळे दोन अंकांत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मावतात. तिन्ही मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. यातले आपल्याला पाच-सहाच हवेत, आणि कटकट नेमकी तिथेच आहे.

कलर पिकरमध्ये हेक्सबरोबर एचएसएल नावाची पद्धत दिसते: रंगाची जात, त्याचा भडकपणा आणि उजळपणा. एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा काढायला ती सोयीची आहे. पण तिच्यातल्या उजळपणाच्या आकड्यावर विसंबू नका. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांनाही ती ५० टक्के उजळ म्हणते. डोळ्यांना विचारा, पिवळा कागदाच्या जवळ जातो आणि निळा शाईच्या.

कारण आपले डोळे तिन्ही प्रकाशांना सारखं वजन देत नाहीत. उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, कॉन्ट्रास्टचं, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातल्या तफावतीचं, गणित याच वजनांवर चालतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१, ही कमाल. साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५:१ हवं, मोठ्या अक्षरांना ३:१. २०१८ साली आलेल्या २.१ आवृत्तीने आणखी एक गोष्ट जोडली: समजण्यासाठी आवश्यक असलेल्या रेघा आणि आकारांनाही शेजारच्या रंगाशी ३:१ हवं. ही अट थेट आपल्या बाणांना लागू पडते.

आता पांढरी अक्षरं घेऊन बसा. पूर्ण ताकदीच्या निळ्यावर ८.५९:१, छान. पूर्ण लालवर ४:१, म्हणजे छोट्या लेबलांसाठी थोडक्यात नापास. पूर्ण हिरव्यावर १.३७:१, वाचणाऱ्याचे हाल. पिवळ्यावर १.०७:१, म्हणजे लिहिलं काय आणि न लिहिलं काय. ‘सगळ्या चौकटींत पांढरी अक्षरं’ असा सरसकट नियम घातला की तो इथे गळपटतो. फिल बदलला की अक्षरांचा रंगही तपासायचा, आणि फिकट फिलवर काळी अक्षरं हा जवळजवळ नेहमीच बिनधोक पर्याय. पांढऱ्या कागदावर राखाडी अक्षरं हवी असतील तर #७६७६७६ ही जवळपास शेवटची पायरी (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). त्याहून फिकट गेलात की ४.५ची रेघ ओलांडली.

फिकट रंगांची गंमत वेगळीच. ड्रॉ डॉट आयओच्या तयार रंगांत एक फिकट लाल आहे आणि एक फिकट हिरवा, आणि ‘नापास-पास’ किंवा ‘नाही-हो’ यासाठी ही जोडी सर्रास वापरली जाते. लालच्या किंमती (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) २४८, २०६, २०४. हिरव्याच्या २१३, २३२, २१२. कृष्णधवल करण्याच्या नेहमीच्या सूत्रात घातल्या तर लालचा राखाडी येतो सुमारे २१८ आणि हिरव्याचा २२४. म्हणजे साध्या प्रिंटरवर छापलं की दोन्ही चौकटी एकसारख्या. लाल-हिरवा फरक ज्यांना नीट दिसत नाही, त्यांचीही जवळपास हीच गत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत असा दोष साधारण १२त एकाला असतो, स्त्रियांत तो खूपच कमी. हा घोळ नुसता रंग गडद करून सुटत नाही. दोन रंगांच्या उजळपणात फरक हवा, आणि शिवाय रंगाखेरीज दुसरी एखादी खूण हवी: जाड कड, तुटक रेघ, चौकटीत चिन्ह किंवा सरळ शब्द.

स्वतः पॅलेट जुळवायचा कंटाळा असेल तर दोन तयार जागा सांगतो. जपानमधल्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी काळ्यासह आठ रंगांचा एक संच सुचवला आहे. रंगदोष असलेल्यांनाही ते रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. दुसरं म्हणजे सिंथिया ब्रूअर यांचं कलरब्रूअर. ते मुळात नकाशांसाठी आहे, पण त्यातली वर्गवारी डायग्रामला चपखल बसते. वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी असतील तर वेगवेगळे रंग. कमी-जास्त दाखवायचं असेल, समजा सर्व्हरवरचा ताण, तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद पायऱ्या. आणि मधल्या एखाद्या बिंदूपासून दोन्हीकडे फरक मोजायचा असेल तर दोन टोकांना दोन रंग. ताण दाखवायला इंद्रधनुष्य वापरलेले डायग्राम पाहिले की वाटतं, जांभळा हा पिवळ्याहून जास्त की कमी, हे वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?

आणखी एक बारकावा. एकच कोड मोठ्या चौकटीला आणि बारीक बाणाला दिला तरी बाण फिका वाटतो. पातळ रेघेत रंग कमी जाणवतो. म्हणून तयार पॅलेटमध्ये फिल फिकट आणि त्याच जातीची रेघ बरीच गडद अशी जोडी असते. हाताने रंगवतानाही ती जोडी मोडू नये.

पारदर्शकता वापरताना एवढं ध्यानात ठेवा की पांढऱ्यावर २० टक्के निळा आणि २०४, २०४, २५५ हा घट्ट रंग दिसायला एकच. पण पारदर्शक चौकट दुसरीवर आली की दोघींच्या मिळून तिथे ३६ टक्के निळा होतो आणि वाचणाऱ्याला तो तिसराच वर्ग वाटतो. मागून जाणारा बाणही आरपार दिसतो. दोन गटांचा एकमेकांवर येणारा भाग मुद्दाम दाखवायचा असेल तर हे उत्तम. नुसता फिकेपणा हवा असेल तर घट्ट फिकट रंगच घ्या.

सावली, ग्लो वगैरे

इफेक्ट्सबद्दल माझा हात आखडता आहे. रिफ्लेक्शन आणि बेव्हल डायग्राममध्ये कधी उपयोगी पडलेले मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांना इथेच सोडू. ग्लो एका वेळी एकाच चौकटीला शोभतो, सादरीकरणात ‘आता इथे बघा’ म्हणताना.

सावलीचं तसं नाही. ती खोली दाखवते, म्हणजे ‘ही वस्तू बाकीच्यांच्या वर आहे’ एवढं सांगते. कागदांची चळत, वर तरंगणारी खिडकी, बाकीच्यांहून वेगळा काढलेला गट, अशा ठिकाणी ती बोलते. सगळ्याच चौकटींना दिली तर काहीच वर राहत नाही, नुसती गर्दी होते. तिच्या सेटिंगमध्ये रंग, पारदर्शकता, धूसरपणा, कोन आणि अंतर असे आकडे असतात. यातला कोन डायग्रामभर एकच ठेवायचा, नाहीतर प्रकाश चार दिशांनी येतोय असं दिसतं. अंतर आणि धूसरपणा कमीच बरे. सावली शेजारच्या बाणाच्या टोकावर पडली की बाण नेमका कुठे टेकलाय ते कळत नाही.

पॉवरपॉइंटमधला एक चकवा पाहून ठेवा. चौकटीचा फिल काढून टाकला आणि सावली तशीच राहिली, तर ती सावली थेट अक्षरांखाली येते. देवनागरी लेबलं असतील तर अनुस्वार, रफार आणि उकार त्यात असे बरबटतात की फॉन्टच बिघडला असं वाटतं. फॉन्ट बदलत बसण्याआधी सावली काढून बघा.

ग्रेडियंटचा त्रास कॉन्ट्रास्टपाशी होतो. चौकटीच्या एका टोकाला अक्षरं स्वच्छ दिसतात, दुसऱ्या टोकाला विरघळतात. तपासायचं ते नेहमी वाईट टोकाला. दोन्ही टोकांच्या उजळपणात थोडाच फरक ठेवला तर ग्रेडियंट निभावून जातो, पण मग त्याने साधलं काय हाही प्रश्न आहेच.

हाताने काढल्यासारखं दिसणारं ‘स्केच’ रूप मात्र मला मनापासून पटतं. एक्सकॅलिड्रॉचा सगळा चेहराच तो आहे, ड्रॉ डॉट आयओत त्यासाठी एक टिकमार्क आहे, मर्मेडमध्येही तसं रूप निवडता येतं. वाकड्या रेघा पाहिल्या की समोरच्याला न सांगता समजतं की हे अजून कच्चं आहे, यावर बोलायला जागा आहे. मसुदा असताना स्केच, ठरल्यावर सरळ रेघा, असा वापर केला तर इफेक्टलाही अर्थ येतो.

जिथे हात लावायचा नाही

काही डायग्रामच्या खुणा आधीच ठरलेल्या आहेत आणि तिथे ‘छान दिसतं’ म्हणून केलेला बदल अर्थच बदलतो. बीपीएमएनमध्ये (कामाच्या प्रक्रिया दाखवण्याची ठरलेली चिन्हपद्धत) बारीक कडेचं एकेरी वर्तुळ म्हणजे सुरुवात, दुहेरी बारीक कड म्हणजे मधली घटना आणि जाड कड म्हणजे शेवट. सगळ्या कडा एकसारख्या जाड केल्यात तर प्रक्रिया सुरूच झाली नाही, सगळीकडे संपली. तुटक बाण हा दोन सहभागींमधल्या निरोपाचा, सलग बाण कामाच्या क्रमाचा. यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना दाखवण्याची चिन्हपद्धत) क्लास डायग्राममध्ये भरलेला डायमंड आणि पोकळ डायमंड ही दोन वेगळी नाती आहेत. भरलेला असेल तर भागाचं अस्तित्व त्या पूर्ण वस्तूशी बांधलेलं, पोकळ असेल तर संबंध सैल. आख्खा डायग्राम निवडून फिलचा रंग दिला आणि बाणांची टोकंही भरली गेली, तर नात्यांचा घोटाळा होतो आणि तो घाईत कुणाच्या ध्यानातही येत नाही. रंगाचं तसं नाही. या दोन्ही पद्धतींत निळ्याला किंवा पिवळ्याला ठरलेला अर्थ नाही, म्हणून रंग तुमच्या हातात आहे. पण तुम्ही दिलेला अर्थ कोपऱ्यात सूची करून लिहावा लागतो.

बाहेर पाठवताना

पीएनजी करताना पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली आणि ती प्रतिमा डार्क मोडमध्ये उघडली, तर काळे बाण आणि चौकटींबाहेरची काळी अक्षरं गायब. चौकटी तेवढ्या तरंगत राहतात. कुठे उघडली जाईल याची खात्री नसेल तर पांढरी पार्श्वभूमी भरूनच पाठवा. पीडीएफमध्ये धूसर करण्याची सोयच नाही, त्यामुळे मऊ सावली तिथे ठिपक्यांचं चित्र होऊन बसते: फाइल फुगते आणि मोठं करून पाहिलं की सावली खरखरीत दिसते. एसव्हीजीत (ठिपक्यांऐवजी रेघा-आकार साठवणारा प्रतिमेचा प्रकार) धूसरपणाची सोय आहे, पण एसव्हीजी उघडणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ती पाळतंच असं नाही. छपाईला जाणारं काम असेल तर स्क्रीनवरचे झगझगीत निळे-हिरवे कागदावर मळकट येणार हे गृहीत धरा, कारण छपाईच्या चार शाईंना ते रंग गाठताच येत नाहीत.

आणि हातात आधीच रंगवून ठेवलेला, दहा हातांतून गेलेला डायग्राम आला तर? त्याची एक प्रत काढा, सगळ्या चौकटी निवडून फिल पांढरा करा, रेघा राखाडी करा, सावल्या काढा. बाणांच्या टोकांना मात्र हात लावू नका. मग तो वाचून बघा. जिथे वाचताना अडाल, तिथेच रंग खरोखर काम करत होता. मूळ प्रतीत पाहून त्या चौकटींचे गट पाडा, प्रत्येक गटाला आधी नाव द्या, मग स्टाइल किंवा क्लास आणि शेवटी रंग. बहुतेकदा तीन-चार गटांत भागतं. नाव सुचत नाही असे काही डबे उरतात, ते राखाडीच राहू द्यात.